जांभळीखालचा देव

महिपती एजंटाला बसलेलं मी फक्त एकदा पाहिलं. एरवी हा माणूस उभाच. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, आणि बोलणं तर चालता चालताच. बदलापूर गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचा एक गाळा होता. त्यात दोन खुर्च्या, आणि त्या दोन्ही पार्टीसाठी. पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. पार्टी बसली की हा तिच्यापुढे येरझारा घालायचा, मध्येच बाहेर जाऊन रस्ता बघून यायचा, परत आत यायचा आणि जिथं वाक्य सोडलं होतं तिथूनच पुढं चालू करायचा. त्याच्याकडे बघूनच आपल्याला घाई सुटायची. निम्मी घरं त्यानं अशी घाई लावूनच विकली असतील.

आम्ही तेव्हा उल्हासनगरात, कॅम्पातल्या एका बराकीच्या खोलीत राहत होतो. मी तिथंच प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि आमचे मिस्टर, भीमराव, अंबरनाथच्या कारखान्यात फिटर. शेजार सिंधी लोकांचा, माणसं फार चांगली. पण खोलीच्या मागून नाला वाहायचा आणि त्याच्या वासानं माझा मुलगा रात्रंदिवस खोकायचा. मला काही नको होतं, फक्त एक खिडकी हवी होती जी उघडल्यावर नाक दाबावं लागणार नाही. कुणीतरी सांगितलं, बदलापूरला जा, महिपती एजंटाला भेटा, तिकडे अजून हिरवं आहे.

आम्हाला बघताच तो म्हणाला, "जय भीम, जय भीम. या वहिनी." आमच्या मागून एक सिंधी जोडपं आलं, त्यांना म्हणाला, "आओ साईं, बैठो." आणि तेवढ्यात रस्त्यानं एक म्हातारबुवा जात होते, त्यांना दारातूनच "राम राम" घातला. तिन्ही नमस्कार सारख्याच प्रेमानं. मी मनात म्हटलं, हा बेरकी आहे. तो बेरकी होताच, पण लबाड नव्हता, आणि या दोन्हींत फरक असतो हे मला पुढं कळलं.

त्यानं आम्हाला साईटवर नेलं ते शेतांच्या बांधावरून, ओढ्याच्या कडेनं, करंजाच्या सावलीतून. जाता जाता बोट दाखवत होता. "हा वारा बघा, थेट डोंगरावरून येतो. ह्याचा काय मेंटेनन्स नाय." नंतर राहायला आल्यावर कळलं की सरळ रस्ता निम्म्या वेळेचा आहे, पण त्यावर कोंबड्यांचा बाजार आणि उघडं गटार लागतं. मी त्याला पुढं एकदा यावरून चांगलं धरलं, तर म्हणाला, "वहिनी, मुलगी बघायला आल्यावर तुम्ही पाहुण्यांना मोरीतून आत आणता काय?"

साईटवर इमारत अर्धी उभी होती. त्यानं आम्हाला एकही भिंत दाखवली नाही. दाखवलं ते झाड. जांभळाचं भलंमोठं झाड, तिसऱ्या मजल्याला टेकेल एवढं, आणि खाली गारेगार सावली. सावलीत एक काटक म्हातारी माठ घेऊन बसली होती. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि माझ्या मुलाच्या हातात पानाच्या द्रोणात मीठ लावलेली जांभळं ठेवली. ही कौसाबाई, महिपतीची आई.

"भिंती सगळीकडे सारख्याच, वहिनी," महिपती झाडाभोवती फिरत म्हणाला. "घर घ्यायचं ते सावली बघून. हे झाड इथून हलणार नाय, हा माझा शब्द."

मुलाची जीभ जांभळी झाली होती आणि तो खोकत नव्हता. आम्ही टोकन देऊन टाकलं.

ती जागा मुळात महिपतीचीच होती. भाताचं खाचर. बाप गेल्यावर त्यानं ते काही वर्षं कसलं, मग अंबरनाथला कारखान्यात लागला, तो कारखाना बंद पडला, आणि तोवर आजूबाजूची खाचरं एकेक करून बिल्डरांकडे गेली होती. चारी बाजूंनी इमारती आल्यावर मधल्या खाचरात पाणी कुठून येणार? त्यानंही जमीन दिली. कौसाबाईनं अडवलं नाही. फक्त एक अट घातली.

"जमीन गेली त गेली," ती म्हणाली होती. "पन जांभलीला कुराड लावलीस, त माजं तोंड बघू नको."

तिचं माहेर जांभूळ नावाच्या गावचं. लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या झाडाची बी पदराला बांधून आणली, बांधावर पुरली आणि विहिरीचं पाणी घालून वाढवली. सासरी तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. नवरा, शेत, घर, सगळं सासऱ्याचं, झाड तिचं. महिपतीनं ही अट बिल्डरशेठला घातली, आणि शेठही शब्दाचा पक्का निघाला. कुरकुरत का होईना, त्यानं इमारत झाडाला वळसा घालून काटकोनात बांधली. महिपतीला तळमजल्यावर एक फ्लॅट मिळाला. इमारतीचं नावही त्यानंच ठेवलं, जांभूळछाया.

जमीन विकून तिच्याच शेजारी एजंट म्हणून राहणाऱ्या माणसाचं मन कसं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, तो बसत नव्हता तो यामुळेच. बसला असता तर कुठं बसला आहे हे त्याला दिसलं असतं. नवीन पार्टीला साईट दाखवायला निघाला की त्याला रस्त्याच्या दोन्ही अंगांना आधीचं सगळं दिसायचं: इथं पाटलांची चिंच होती, इथं आमचं खळं, इथं मासळी धरायचो. मग तो घाईघाईनं पार्टीला म्हणायचा, "पुढं चला, पुढं चला, पुढं अजून हिरवं आहे." बदलापूर संपत गेलं तसं त्याचं हे 'पुढं' सरकत सरकत चामटोली गावापर्यंत गेलं.

पहिली काही वर्षं आमची फार सुखात गेली. ज्येष्ठात जांभळं पिकली की कौसाबाई सगळ्या बायकांना हाक मारायची. आम्ही जुन्या चादरी आणून झाडाखाली चार टोकांना धरायचो, वर चढलेलं एखादं पोर फांदी हलवायचं, आणि टपटप सडा पडायचा. मग कौसाबाई मापानं वाटे करायची, प्रत्येक घराला एक, मग घरात माणसं किती का असेनात. साताऱ्याकडची, कोकणातली, गावातली, आम्ही, तळमजल्यावरचे सिंधी दुकानदार, सगळ्यांच्या जिभा एका रंगाच्या. उल्हासनगरात मी एवढी वर्षं राहिले, पण शेजारणीच्या हातात हात घालून उभी राहिले ती या चादरीच्या निमित्तानं.

पण माणसाचं कसं असतं. झाड बघून घर घेतलं, आणि घर घेतल्यावर झाडाच्या तक्रारी सुरू झाल्या. जांभळाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत. पानं गटारात जातात. पावसाळ्यात सुरवंट खिडकीतून आत येतात. कावळे टाकीत हाडकं टाकतात. मुळं ड्रेनेजच्या पाइपात शिरली. आणि मुख्य म्हणजे लोकांनी स्कूटरी घेतल्या, त्या ठेवायच्या कुठं? तक्रार करणाऱ्यांचे म्होरके होते दुसऱ्या मजल्यावरचे विष्णुपंत, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर एकदा वरून जांभूळ पडलं, बरोब्बर छातीवर, आणि तेव्हापासून त्यांनी त्या झाडाशी उभा दावा मांडला.

वार्षिक सभेत त्यांनी झाड तोडण्याचा विषय ठेवला. सभा रविवारी होती. भीमराव सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांनी रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर घरोघर जायला सुरुवात केली. दार वाजवायचं, चहा घ्यायचा, ऐकून घ्यायचं, मग आपलं सांगायचं: झाडलोट मजल्यानुसार वाटून घेऊ, पाइपाच्या वळणाला लोखंडी कोपर बसवू, ते मी स्वतः करतो, स्कूटरींना मागची जागा साफ करू. एकेक घर वळत गेलं. बहुतेकांना झाड हवंच होतं, फक्त झाडायला कुणीतरी हवं होतं.

महिपतीनं हे जिन्यातून बघितलं. भीमराव विष्णुपंतांच्या घरात शिरताना बघितलं, बराच वेळ बाहेर न आलेले बघितलं, आणि दोघं दारात हसताना बघितलं. त्याला वाटलं, झालं, हे पण फितले. त्याचा धंदाच असा, की दार बंद करून दोन माणसं बोलली म्हणजे सौदा झाला. त्यानं भीमरावांना एका शब्दानं विचारलं नाही. एरवी बोलून बोलून कान किटवणारा माणूस, आणि जिथं विचारायला हवं तिथं त्याची दातखीळ बसली.

गुरुवारी सकाळी पाणी यायच्या वेळी खाली गलका झाला. मी बादली तशीच टाकून खिडकीत आले. जांभळीच्या बुंध्याशी, दोन मुळांच्या बेचक्यात, शेंदूर फासलेला एक गोल दगड होता. त्यापुढं नारळ, दोन उदबत्त्या आणि झेंडूची फुलं.

आमच्या भागात गावाच्या शिवेवर, झाडाखाली, असे शेंदराचे दगड असतात. कुणी त्यांना चेडोबा म्हणतं, कुणी नुसतंच राखणदार. त्या झाडाला कुऱ्हाड लागत नाही. रस्ता आला तर रस्ता वळतो, झाड राहतं. हे इथल्या पोराटोरांनाही माहीत. आम्ही हात जोडत नाही, पण कुणाच्या देवाला पायही लावत नाही.

"हा इथं पयल्यापासून व्हता," महिपती जमलेल्या लोकांना सांगत होता. "मातीखाली गेला व्हता. आज वर आला." हे सांगतानाही तो एका जागी उभा नव्हता.

मी कौसाबाईकडे बघितलं. चाळीस वर्षं त्या झाडाचा केर काढलेली बाई. तिच्या ओठावर काहीतरी आलं, ते तिनं गिळलं, पदर डोक्यावरून घेतला आणि दगडाला हात जोडले. मला तेव्हा वाटलं, म्हातारीला भरून आलं.

रविवारी भीमराव सभेत बोलायला उठले, तोच विष्णुपंत म्हणाले, "आता विषयच संपला, सेक्रेटरी. देवाचं झाड आहे. आपण तोडणारे कोण?" सगळ्यांनी माना डोलावल्या. विष्णुपंत तर त्याच आठवड्यात शेंदूर लावायला उतरले होते. दावा मांडणारे फार लवकर भक्त होतात, हे मी शाळेतही बघितलंय.

भीमराव घरी आले. मग म्हणाले, "झाड वाचलं खरं. पण आपण वाचवलं नाही, भीतीनं वाचवलं. भीतीला झाडाशी काय घेणं?" मला त्यांचा राग आला. मी म्हटलं, वाचलं ना, मग झालं तर. मला माझी खिडकी हिरवी हवी होती, कशानं का असेना.

महिपतीनं पेढे वाटले. धंद्यातही त्यानं देव वापरायला घेतला. सिंधी पार्टीला म्हणायचा, "साईं, मंदिर भी है, गार्डन भी है." आमच्यातली पार्टी आली की तिला मागच्या बाजूनं आणायचा, तिथून फक्त फांद्या दिसायच्या.

देव मात्र वाढायला लागला. आधी त्याला ऊन लागू नये म्हणून पत्रा आला. जांभळीखाली ऊन! मी बोलले, पण माझं कोण ऐकतंय. पत्र्याला आधार म्हणून बुंध्यात खिळे गेले. पत्र्यावर फांदी पडेल म्हणून ती फांदी कापली. देवासाठी कापली, तेव्हा पाप नाही. मग मंडळ निघालं, विष्णुपंत अध्यक्ष. चिखल होतो म्हणून कट्टा बांधायचं ठरलं. त्याच्या पायासाठी खणलं तेव्हा मुळं आडवी आली, ती तोडली. सिमेंट थेट बुंध्याला भिडवलं. वर पांढऱ्या चकचकीत टाइल्स बसवल्या, न्हाणीघरात असतात तशा. दर शनिवारी बुंध्याच्या फटीत वाटी वाटी तेल. सणाला दूध, दही, मिठाचं पाणी घालून धुणं. कौसाबाई आपल्या दारात बसून हे सगळं बघायची. कट्ट्यावर आता तिला बसता येत नसे, तो देवाचा होता.

चादरी धरणंही बंद झालं. देवाच्या झाडावर पोरानं चढायचं कसं? जांभळं कट्ट्यावर पडून टाइल्स रंगायच्या, त्या मंडळाची माणसं ब्रशनं घासून काढायची. आणि मग एका चैत्रात झाडाला मोहोरच आला नाही. शेंड्याकडची फांदी काळी पडली, पानं बारीक झाली, भर पावसाळ्यात पिवळी होऊन गळायला लागली. माझ्या खिडकीत प्रथमच समोरच्या इमारतीच्या मोऱ्यांचे पाइप दिसले.

एका संध्याकाळी कौसाबाई जिना चढून आमच्याकडे आली. तिचे गुडघे गेले होते, ती कधी वर यायची नाही. म्हणाली, "शालन, तुजा नवरा शिकलेला हाय. त्याला इचार, झाडाच्या मुलांवर शिमीट घातल्यावर ते जगतंय काय."

भीमरावांना विचारायची गरज नव्हती. मी म्हटलं, "नाही जगत, आजी. कट्टा फोडला तर अजून वाचेल."

"मंग माज्या पोराला सांगते," ती म्हणाली, आणि भिंत धरत धरत उतरली.

महिपतीनं मंडळाला विचारून बघितलं. कट्ट्याची एक बाजू फोडू, झाडाला पाणी मिळेल. विष्णुपंतांनी कानावर हात ठेवले. देवाचा कट्टा फोडायचा? शिवाय टाइल्स वर्गणीच्या. तो पुन्हा गेला, पुन्हा तेच. शेवटी एका शनिवारी संध्याकाळी तो आमच्या दारात आला. मी म्हटलं, या. तो आत आला, खुर्ची ओढली आणि बसला. मला वाटलं, म्हातारीचं काही बरंवाईट झालं.

"भीमरावभाऊ," तो म्हणाला, "तो दगड मी ठेवला."

मग तोच पुढं बोलत राहिला. उल्हास नदीतून पहाटे उचलून आणला होता. शेंदूर बाजारातला. "सभेत झाड गेलं असतं. मी हिशेब केला व्हता, माझ्या बाजूला मीच. आईला काय सांगणार व्हतो?"

भीमरावांनी त्याच्याकडे बघितलं. ते सहसा चिडत नाहीत, पण त्यांचा आवाज चढला. "तुझ्या बाजूला सगळी इमारत होती. मी घर अन् घर फिरलो होतो. विष्णुपंतसुद्धा कबूल झाले होते, पाइपाचं काम करून दे म्हणाले, मग तुझं झाड राहू दे. मला फक्त विचारायचं होतंस."

मी महिपतीचा चेहरा बघितला आणि मला बघवेना. मी आत चहा टाकायला गेले. बाहेर आले तेव्हाही तो तसाच बसला होता, दोन्ही तळहात गुडघ्यांवर उलटे ठेवून. भीमराव आता हळू बोलत होते. "अजून वेळ गेली नाही. उद्या सभा आहे. उभा राहा आणि सांग. दगड तुझा आहे म्हटल्यावर कट्टा कुणाचा राहतो?"

"माझा धंदा शब्दावर आहे, भाऊ."

"मग झाडाचा शब्द कुणी दिला होता?" मी मध्येच बोलले. मला राहवलं नाही. "माझ्या पोराच्या हातात आईनं जांभळं ठेवली, तेव्हा दिला होता तो."

तो चहा न पिताच उठून गेला. पण रविवारी सभेला आला आणि खरंच उभा राहिला. गच्चीवर सतरंज्या घातल्या होत्या, ऊन चढत होतं. त्यानं काही लपवलं नाही. नदी, पहाट, शेंदूर, सगळं सांगितलं. "तो देव नाय. तो मी आणलेला धोंडा हाय. मी तुमच्याशी खोटं बोललो. आता झाड मरतंय, कट्टा फोडू द्या."

जन्मभर या माणसानं गटार चुकवून ओढा दाखवला, लांबच्या वाटेला जवळची म्हटलं, आणि लोकांनी विश्वास ठेवून घरं घेतली. आज तो खरं बोलत होता. सगळे ऐकत होते. मला वाटलं, पटलं.

मग विष्णुपंत उठले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं, ढोंग नव्हतं. ते म्हणाले, "महिपती, अरे, दगड तू ठेवलास, कबूल. पण ठेवण्याची बुद्धी तुला कुणी दिली? नदीत हजार दगड, त्यातला हाच का उचललास? त्यानं तुझ्याकडून आणवून घेतलं रे."

मागून एक बाई "खरंय" म्हणाली. मग दुसरी. कुणीतरी येऊन महिपतीच्या पाया पडलं. तो मागं सरला. "अहो काका, मी घाबरून ठेवला. नुसता घाबरून." "भक्त घाबरतोच," विष्णुपंत म्हणाले. भीमराव उठून म्हणाले, देव राहू द्या तुमचा, पण झाडाच्या मुळांपुरता कट्टा फोडू या. तेव्हा मागून एकजण म्हणाला, "तुम्ही यात बोलू नका सेक्रेटरी, तुमचं यात काही नाही." एवढी वर्षं ज्यांच्याबरोबर चादर धरली, त्यातलाच एकजण. भीमराव खाली बसले. मला त्या दिवशी ती इमारत सोडून जावंसं वाटलं, आजही अधूनमधून वाटतं.

ठरलं असं, की ज्याच्या हातून देव आला त्याच्याच हातून आज दुपारची आरती व्हायची. लोक उठून जिन्यानं खाली निघाले. महिपती त्यांच्या आधी धावत खाली गेला. मी गच्चीच्या कठड्यावरून बघितलं, तो घरात शिरला आणि पहार घेऊन बाहेर आला. भात-खाचराच्या दिवसांतली, बांध फोडायची पहार. तशी मी भीमरावांचा हात धरून जिना उतरले.

आम्ही पोहोचलो तोवर खाली गर्दी झाली होती, पण कुणी पुढं होऊन अडवत नव्हतं. महिपती कट्ट्यापाशी उभा होता. कौसाबाई आपल्या दारात, चौकटीला धरून. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुन्हा कधी बघितलं नाही. आपलं पोर आता आपलं काम करणार, म्हणून आई बघते तसं. पत्र्याखाली निरांजन लावलेलं, ताट तयार. झाडावर मोजकी पानं राहिली होती, तरी होती. त्या दिवशी कट्टा फुटला असता तर पावसाळ्यात ते झाड पालवलं असतं, असं मला अजून वाटतं.

महिपतीनं पहार उजव्या हातात घेतली. मग डाव्या पायानं उजवी चप्पल काढली, उजव्या पायानं डावी, दोन्ही बाजूला नीट लावल्या आणि तो कट्ट्यावर चढला.

गर्दीतून एक आवाज गेला, हुंकारासारखा. विष्णुपंतांनी हात जोडले. महिपतीला काय झालं ते आधी कळलंच नाही. त्यानं पहार उचलली, समोर दगड, शेंदरानं जाड झालेला, आणि मग त्यानं खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. अनवाणी. तो तसाच राहिला. हात वर, पहार वर. कितीतरी वर्षं दर शनिवारी तो चपला काढून त्या दगडापुढं उभा राहिला होता, लोकांना दाखवायला म्हणून.

"मार," मी मोठ्यानं म्हणाले. भीमरावांनी माझा खांदा दाबला.

कौसाबाई दारातून निघाली आणि गुडघे ओढत कट्ट्यापर्यंत आली. लोकांनी तिला वाट दिली. तिनं मुलाकडे बघितलं नाही, बाजूला लावलेल्या चपलांकडे बघितलं. "मी त्या दिवशी गप रायली," ती म्हणाली. "म्हटलं, पोरानं माज्यासाठी केलंय. इथं देव नव्हता, मला ठावं नसंल काय?" मग जरा थांबून ती म्हणाली, "चपला काढल्यास ना? मंग आता नाय फुटायचा तो तुज्या हातान."

तिनं बुंध्याला एकदा हात लावला, जिथं खिळे होते तिथं, आणि ती आपल्या घरात गेली. दार लावल्याचा आवाज आला.

महिपती पहार धरून उभा होता. विष्णुपंत वर चढले, त्यांनी हळूच, आजाऱ्याच्या हातातून पेला काढून घ्यावा तशी त्याच्या हातातून पहार काढून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मग त्याच्या हातात आरतीचं ताट दिलं. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यानं ताट घेतलं, आणि ओवाळलं.